सावळघाटात उतरलेला काटा

नवऱ्याला छंद असावा, पण आमच्या ह्यांना होता तसला नसावा. सातपूरच्या कारखान्यात आठ तास यंत्रांची देखरेख करून मन भरत नव्हतं की काय कोण जाणे, सेकंडहँड गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत हे नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका दुकानातून तीन गोल मीटर घेऊन आले. एक इंजिनाच्या तापाचा, एक ऑइलच्या दाबाचा, एक बॅटरीचा. अहो, गाडीत कंपनीचे होते की! पण "ते नुसते शोभेला असतात गं," असं ह्यांचं मत.

रविवारी अख्ख्या कॉलनीसमोर डॅशबोर्डला ड्रिलनं भोकं पाडली. दाबाच्या मीटरची बारीक नळी इंजिनातून थेट आत आणली, आणि पहिल्याच फेरीत ती नेमकी माझ्या मांडीवर ठिबकली. अबोली रंगाची नवी साडी गेली. हे मात्र काट्याकडे बघत म्हणाले, "बघ, प्रेशर कसं मस्त येतंय!" डोंबल मस्त!

तेव्हापासून प्रवास म्हणजे प्रवचन. गाडी थंड असताना दाब जास्त दिसतो, तापली की उतरतो, घाबरायचं नाही. तापाचा काटा ऐंशी-नव्वदवर असला तर ठीक, शंभराकडे गेला की थांबायचं. आणि हे खरंच थांबायचे! घाट आला की बॉनेट उघडून उभे. मी मुद्दाम नातेवाइकांसमोर विचारायची, "काय हो, पेशंटचा ताप उतरला का?" सगळे खो खो हसायचे. हेही हसायचे, जरा उशिरा.

मी तेव्हा पेठच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका होते. नियमानं गावातच राहायला हवं, आणि कागदावर मी राहतही होते. प्रत्यक्षात रोज नाशिकहून जीपनं अपडाउन. एका संध्याकाळी निरोप आला, उद्या शाळा उघडायच्या वेळेलाच साहेबांची व्हिजिट. सकाळी नेमकी जीप चुकली. उशिरा पोचले असते तर माझं राहण्याचं खोटं उघडं पडलं असतं, नोकरीवर गदा आली असती. ह्यांनी रजा टाकली आणि गाडी काढली.

सावळघाटात तापाचा काटा चढायला लागला. शंभराला टेकला. हे वेग कमी करतात न करतात तोच तो खाली यायला लागला, पार थंड गाडीसारखा तळाशी. मी टाळीच वाजवली. "घ्या! तोसुद्धा कंटाळला तुम्हाला."

ह्यांचा चेहरा पडला. "अगं, असा खाली येत नाही तो. त्याचं टोक पाण्यात बुडालेलं असतं तोवरच तो खरं सांगतो. पाणी गेलं असणार सगळं. दोन मिनिटं थांबून बघतो."

माझं डोकंच फिरलं. "जन्मभर काटेच बघत बसा! बायकोची नोकरी गेली तरी चालेल, गाडीला ताप नको! चालवा गुपचूप."

ह्यांनी गिअर बदलला. चालवली. घाट संपता संपता इंजिनातून खडखड आली, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी जागीच बसली. पाण्याचा पाइप फाटला होता, इंजिन जाम झालं होतं. मागून आलेल्या जीपमध्ये मी चढले, ह्यांना रस्त्याच्या कडेला सोडून. शाळेत वेळेवर पोचले. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. गाडी भंगारात दिली. त्याआधी ह्यांनी ते तिन्ही मीटर स्वतःच्या हातानं सोडवले, पुसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. मी महिनाभर वाट बघत होते, आता म्हणतील, मग म्हणतील, "मी सांगत होतो." एकदा म्हणाले असते तर भांडून मोकळी झाले असते. पण नाही! एवढा कसला मेला मोठेपणा!

काही वर्षांनी नवी गाडी घेतली. तिला मीटर लावायचं ह्यांनी नावसुद्धा काढलं नाही. घाट लागला की आता माझीच नजर त्या कंपनीच्या इवल्याशा काट्यावर. परवा तो जरासा हलला, तशी मी म्हटलं, "अहो, बघा ना, ठीक आहे ना?"

"तू सांग," रस्त्यावरची नजर न काढता हे म्हणाले, "थांबू का?"