कोबाल्टचा थर आणि उरवड्याचा ओढा

कोणी ‘आपोआप’ म्हटलं की आमच्या कंपनीतल्या मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग समोरच्याची खैर नसे. “आपोआप काही होत नाही. कारण सांगा,” म्हणायच्या. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. चहाला त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. मी बसायचो.

उरवड्याच्या त्या छोट्या कंपनीत पाण्यापासून हायड्रोजन काढायचं काम चाले. त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन मोकळा करणारा कोबाल्ट ऑक्साइडचा पातळ थर मॅडमनी तयार केला होता. तो झिजे, कोबाल्ट पाण्यात उतरे. पण वीज चालू असली आणि पाण्यात फॉस्फेट असलं, की तोच कोबाल्ट परत येऊन थर भरून काढी. पोराच्या गुडघ्यावरच्या खपलीकडे आई बघते, तशा मॅडम त्या थराकडे बघत.

मालकांनी मात्र पाहुण्यांना सांगून टाकलं की आमचं यंत्र कुठल्याही पाण्यावर चालतं. मॅडम लातूरला आईकडे गेल्या होत्या. तेवढ्यात मालकांनी टाकीतलं कोबाल्ट उतरलेलं गुलाबी द्रावण मागच्या ओढ्यात सोडायला लावलं आणि टाकीत बोअरचं पाणी भरलं. त्यात फॉस्फेट नव्हतं, थर गळून गेला.

मॅडम परतल्या तेव्हा त्यांची घरमालकीण दारातच उभी होती.

“बाई, वढ्यातलं डबकं गुलाबी झालंय. म्हशी पाजू का नको?”

बॅग तिथंच टाकून मॅडम थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेलो. मालक हसत म्हणाले, थर स्वतःला दुरुस्त करतो असं तुम्हीच सांगता ना, मग एवढं काय झालं?

मॅडमचा आवाज चढला नाही. “थर करतो. ओढा करत नाही. त्या म्हशींना काय सांगू?”

मालकांनी काही झालंच नाही असं लिहून मागितलं. मॅडमनी नकार दिला आणि तिथूनच सरकारी कचेरीत तक्रार केली. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. डबकं पुढं उपसलं गेलं, मॅडम लातूरला गेल्या. ते यंत्र अजून स्वागतकक्षात दिवे लावून ठेवलंय. आत थर नाही. येताजाता ते दिसलं की माझं डोकं फिरतं.

नोकरी गेली त्या संध्याकाळी मी ओढ्यावर गेलो. मॅडम आणि घरमालकीण बाभळीच्या फांद्या ओढत म्हशींची डबक्याकडची वाट बंद करत होत्या. मॅडमचे हात काट्यांनी रक्ताळले होते. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो.

“बघता काय,” त्या म्हणाल्या, “दुसरं टोक धरा.”