ट्युबा मावेल अशी गाडी

पहिली गाडी घेताना माणसं इंजिन बघतात, टायर बघतात, खालून वाकून गंज बघतात. आमची ऑड्री नॅट्रस बागेतल्या एकचाकी ढकलगाडीवर नवऱ्याचा ट्युबा, बँडमधलं ते लहान मुलाएवढं पितळी वाद्य, घालून जुन्या गाड्यांच्या आवारात गेली होती. मी होते ना बरोबर! ट्युबा पडू नये म्हणून वाटभर त्याला मीच धरलं होतं. सगळं ब्रॅकनली गाव खिडक्यांतून बघत होतं आणि ही बया मान ताठ करून पुढे.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्याकडे किटली शिट्टी घालते ती मला ऐकू येते, आणि तिचा नवरा नॉर्मन मागच्या शेडमध्ये ट्युबा वाजवायला बसला की माझ्या कपाटातल्या बश्या थरथरतात. तीस वर्षं मी त्याच्या नावानं बोटं मोडली. पण मागच्या हिवाळ्यात शेड गप्प झाली, आणि खरं सांगते, मला करमेना.

नॉर्मन आमच्या गावच्या बसचा ड्रायव्हर. जन्मभर बस चालवली, एक ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर टेकडीपलीकडच्या रॅनबीत बँडच्या तालमीला स्वतःची व्हॅन घेऊन जायचा आणि वाटेतल्या चार-पाच वादकांनाही घेऊन जायचा. मग डोळे गेले. अगदी आंधळा नाही झाला, पण नजरेच्या मधोमध धुरकट डाग, कडेकडेचंच काय ते दिसायचं. लायसन त्यानं आपणहून परत केलं, व्हॅन विकली आणि खुर्चीत जाऊन बसला. बँडवाले म्हणाले, आम्ही न्यायला येतो. हा म्हणाला, "मी काय सामान आहे, कुणीही उचलून न्यायला?" संध्याकाळची बस तर केव्हाच बंद झालेली.

बँडमास्तरनं निरोप धाडला: जुलैतल्या खाणकामगारांच्या मेळाव्यापर्यंत तुझी खुर्ची ठेवतो, पुढे मात्र दुसरा वादक बघावा लागेल. आमच्याकडच्या खाणी बंद होऊन जमाना झाला, पण मेळाव्याला अजून गावोगावचे झेंडे निघतात आणि झेंड्यामागून बँड चालतो. नॉर्मन वयाच्या चौदाव्या वर्षापासून ब्रॅकनलीच्या झेंड्यामागे चालत आलेला.  निरोप ऐकला त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑड्री त्याला म्हणाली, "मी गाडी शिकते."

"तू?" हा हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला, तोही असा! "शिक, शिक. तू पास झालीस तर बसेन तुझ्या गाडीत."

झालं. ऑड्रीला चिडवलं की ती पेटते, हे एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला कळू नये? तीनदा नापास झाली. एकदा तर परतल्यावर परीक्षकानं आधी कडक कॉफी मागवली म्हणे. चौथ्यांदा पास झाली आणि रस्त्यावरूनच ओरडत आली, "नॉर्मन, बूट घाल!"

पण गाडी कुठे होती? आणि विमा? बाई त्रेसष्ट वर्षांची, पण विमेवाल्यांच्या लेखी कालची पोर. परवाना कोरा, अनुभव शून्य. पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला, जणू चावलाच. मग हळूहळू अक्कल आली. इंजिन जितकं लहान, सुटे भाग जितके स्वस्त, तितका विमा हलका. म्हणजे गाडी घेण्याआधी विमा विचारायचा, घेतल्यावर नाही. पण लहान गाडीत ट्युबा कसा मावणार? म्हणून ती ढकलगाडी.

आवाराचा मालक इयन, गुळगुळीत बोलणारा प्राणी. पहिल्या गाडीत ट्युबा मावला, पण पुढच्या सीटवर. "मग नॉर्मनला टपावर बांधू?" ऑड्री म्हणाली. दुसरी गाडी लाल, तिच्यात नॉर्मन आणि ट्युबा दोघंही मावले असते, पण तिच्या वार्षिक तपासणीत दरवर्षी ब्रेकचीच तक्रार. तिसरी एकदम डबा, उंच छताची, वाटल्या मोहरीच्या पिवळट रंगाची. इतकी कुरूप की मलाच लाज वाटली. मागच्या सीटवर ट्युबा बसला, त्याला पट्टाही लागला, आणि शेजारी माझ्यासारखी एक बाई श्वास रोखून बसू शकत होती.

"हीच," ऑड्री म्हणाली.

इयन जवळ सरकला. "आणि विम्याचं सांगू का ताई? एखाद्या जुन्या चालकाच्या नावावर काढा. या तुमच्या शेजारणीच्या, यांचं लायसन जुनं असेलच. मुख्य चालक या, तुम्ही आपल्या अधूनमधून. सगळेच करतात. निम्म्यात काम होतं."

"आणि उद्या मी कुणाला ठोकलं, आणि विमेवाल्यांनी विचारलं की ट्युबा घेऊन आठवड्यातून दोनदा रॅनबीला कोण जातं, तर ही जाते म्हणून सांगू? हिला साधी शिट्टी वाजवता येत नाही. एक पै मिळणार नाही, वर खोटारडी ठरेन ती वेगळीच."

शिट्टीचं काढायची काही गरज नव्हती. पण बाकी बरोबर होतं तिचं.

शेवटी एक विमा परवडला, पण त्यात अट: गाडीत एक काळी डबी बसणार. तुम्ही कसे वळता, किती जोरात ब्रेक मारता, किती मैल फिरता, सगळं ती विमेवाल्यांना कळवणार. दर आठवड्याला फोनवर रंग येतो. हिरवा म्हणजे शाबास, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे तुमची खैर नाही. "सासूच बसवली म्हणायची गाडीत," मी म्हणाले.

पण खरी सासू शेजारच्या सीटवर बसली होती.

जन्मभर बस चालवलेला माणूस, नजरेच्या कडेनं अर्धंमुर्धं दिसतंय, आणि बायको स्टिअरिंगवर! पहिल्याच मंगळवारी सुरू झाला. "ब्रेक! गाय!" ते काटेरी झुडूप होतं. "ब्रेक! म्हातारी!" ती टपालपेटी होती. उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर धाडधाड आपटायचा, आणि तो ओरडला की ऑड्री दचकून कचकन ब्रेक दाबायची. सोबतीला म्हणून मागे बसलेली मी आणि ट्युबा एकमेकांच्या गळ्यात.

पहिला आठवडा लाल. दुसरा आठवडा लाल. मग निरोप आला: आणखी एकदा लाल आलं तर विमा रद्द. आणि एकानं रद्द केला की दुसरा कुणी दारात उभं करत नाही. विमा नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे तालीम नाही, आणि मेळावा तर तोंडावर आलेला.

त्या दिवशी भिंतीपलीकडे जे भांडण झालं ते ऐकायला मला कान लावावा लागला नाही.

"तुझ्यामुळे होतंय हे!"

"मी नसतो तर त्या गायीला उडवलं असतंस!"

"झुडूप होतं ते, नॉर्मन! झुडूप! नाही दिसत ना तुला, मग मला चालवू दे की!"

मग तिच्याकडची किटली शिट्टी घालत राहिली, कुणी उतरवेना.  बोलायला नको ते ती बोलून गेली होती आणि तिलाही ते कळलं होतं. शेवटी नॉर्मनचा आवाज आला, बारीक. "मी मुद्दाम नाही गं ओरडत. आपोआप येतं तोंडातून."

गुरुवारी तालमीला निघताना मी मागे ट्युबाशेजारी घुसले. ऑड्रीनं किल्ली फिरवली नाही. मागे वळली, ट्युबाच्या नळीवरून ती पितळी वाटी काढली, वाजवताना ओठांना लावतात ना ती, आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"घाल तोंडाला. रॅनबी येईपर्यंत काढायची नाही. वाजवण्याआधी ओठ तापवायला हवेतच ना तुला? इथेच तापव."

"आणि गाय आली तर?"

"गाय माझी. सूर तुझे."

तो पुटपुटला, पण वाटी तोंडाला लावली. आणि काय सांगू, नुसत्या वाटीतून माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो हो! पहिल्या वळणावर त्याची माशी घाबरून किंचाळली, पण शब्द फुटेना. ऑड्री संथ वळली. झुडूप आलं, टपालपेटी आली, माशी वर-खाली झाली. टेकडी उतरताना मात्र चक्क चर्चमधलं एक जुनं भजन लागलं आणि मीही खालच्या पट्टीत गुणगुणले. त्या आठवड्याला पिवळा. पुढच्या आठवड्याला हिरवा. ऑड्रीनं फोन माझ्या खिडकीला चिकटवून दाखवला आणि आम्ही दोघी लहान मुलींसारख्या नाचलो.

मेळाव्याला नॉर्मन झेंड्यामागून चालला. दिसत नव्हतं नीट, म्हणून पुढच्याच्या पाठीच्या अंदाजानं चालला, पण सूर एकही चुकला नाही. मी रडले, सांगायला काय लाज?

मेळाव्याहून बँडच्या बसनं सगळे रॅनबीला परत आलो आणि तिथून आमच्या मोहरीत बसून घराकडे. अजून छान उजेड होता. नॉर्मन थकलेला. वाटी हातातच राहिली आणि टेकडीवरच त्याची मान एका बाजूला कलंडली. मी बघतच राहिले. दुसऱ्याच्या गाडीत हा माणूस जन्मात कधी झोपला नव्हता. मुलीच्या लग्नाहून येतानासुद्धा त्या बिचाऱ्या टॅक्सीवाल्याला घरापर्यंत गिअर शिकवत आला होता.

आमची गल्ली आली आणि मागे गेली.

"अगं, घर—"

ऑड्रीनं ओठांवर बोट ठेवलं. गालावरून पाणी ओघळत होतं आणि गाडी लोण्यासारखी चालली होती. गावातलं छोटं चर्च, भाजीचे वाफे, तळलेल्या चिप्सचं दुकान, पुन्हा चर्च. "मैल वाढतील गं," मी कुजबुजले. "जास्तीचे पैसे मागतील."

"मागू देत."

तिसऱ्या फेरीला डोळे मिटूनच नॉर्मन बोलला. "ऑड्री, तीनदा चिप्सचा वास आला मला."

"जागा आहेस? मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं वाटी खिशात टाकली आणि मान पुन्हा मागे टेकवली.

"चांगली चालवतेस. मार अजून एक फेरी."