नारळभाऊ

भाऊंच्या शबनम पिशवीत कायम एक नारळ असायचा. चष्म्याचं घर विसरायचे, टॉवेल विसरायचे, आपण कोणत्या गावाला निघालो आहोत तेही कधीकधी विसरायचे, पण नारळ विसरले असं झालं नाही. न जाणो, वाटेत कुठं काही सुरू करायची वेळ आली तर! आमच्या वस्तीवरच्या पोरांनी त्यांचं नाव नारळभाऊ ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले, कारण त्यांना ते कौतुक वाटलं. आपल्याबद्दल कुणी वाकडं बोलत असेल ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. एवढा निर्धास्त माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटकडून डोंगर चढत गेलं की वर. माथ्यावर शेतकऱ्यांची घरं, ती वाडी. उताराला आमची बौद्धांची घरं, ती वस्ती. मधे एक बोडका माळ. दुष्काळ पडला, जनावरं छावणीवर गेली, माणसं खडी फोडायला सरकारी कामावर गेली, आणि त्याच उन्हाळ्यात भाऊ पुण्याची कॉलेजातली मुलं घेऊन आमच्याकडे आले. शाळेच्या भिंतीवर कापडी फलक लागला, डोंगरी भागाच्या विकासासाठी श्रमदान शिबिर. सकाळी प्रार्थना, मग प्रभातफेरी, मग नाश्ता, आणि ऊन चांगलं तापल्यावर श्रमदान. आमच्या माणसांच्या हिशेबानं तोवर कुदळ खाली ठेवायची वेळ झालेली असायची. भाऊ स्वतःही कुदळ मारत. डोक्याच्या वर उचलून ती तिथंच धरून ठेवत, बरोबरच्या मुलाच्या कॅमेऱ्याचा आवाज होईपर्यंत. माझे वडील, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, शेजारी उभे राहून एकदा म्हणाले, "ह्यांची कुदळ खाली यायला बी मुहूर्त लागतोय."

भाऊंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माझं काम सुरुवात करून देण्याचं. पुढचं करायला तुम्ही गावकरी समर्थ आहात." हे ते अशा थाटात सांगत की पुढचं काम म्हणजे किरकोळ शिल्लक आहे असं वाटावं. त्यांनी बालवाडी सुरू केली, तिला बाई मिळाल्या नाहीत. शाळेपुढं नमुन्याचा शौचखड्डा खणला, त्यात एका धनगराची शेळी पडून पाय मोडून बसली. दूध उत्पादक सहकारी संस्था तर त्यांनी अशा वेळी काढली की गावात चहापुरतंही दूध नव्हतं. लिंबाच्या झाडाला संस्थेची पाटी ठोकली, नारळ फोडला, वाडीतल्या रंगनाथ आबांना चेअरमन केलं. आबा होते जुने, वजनदार, वाडीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्या पाटीखालून एक लोटी दूध कधी गेलं नाही, पण आबा मरेपर्यंत चेअरमन राहिले आणि लोक त्यांना तशीच हाक मारत.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. भाऊ आले त्या पहिल्याच दिवशी, वाडीत पुरणाचा बेत झालेला असताना, सरळ उतरून वस्तीवर आले. "जयभीम" म्हणाले, आमच्या ओसरीवर घोंगडीवर मांडी घालून बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, जे असेल ते वाढा." आईनं मिलोची भाकरी आणि चटणी वाढली. रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी आम्हालाच गिळवत नव्हती, पण भाऊंनी ती मागून घेऊन खाल्ली, आमच्या तांब्यातलं पाणी वरून न ओतता तोंड लावून प्यायले. आई दोन दिवस तेच बोलत होती. मलाही त्या दिवशी भाऊ आवडले, फार आवडले.

पण ती भाकरी त्यांच्या पोटात राहिली नाही. पुढच्या प्रत्येक सभेत ती बाहेर आली. "मी वस्तीवर जेवतो," हे त्यांच्या भाषणाचं दुसरं वाक्य झालं. भूमला सांगितलं, उस्मानाबादला सांगितलं, पुण्याहून कुणी पाहुणा आला की त्याला आमचं घर दाखवायला आणत आणि आईला पदर सावरत दारात उभं राहावं लागे. आई कुणाची कोण, तिला काय दुखतं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. तिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. आमच्या घराचा त्यांना दाखल्यासारखा उपयोग होता.

आईला काय दुखत होतं ते सगळ्या डोंगराला माहीत होतं. पाणी खालच्या घळीत होतं, एका झऱ्याला, वाटीनं भरून घ्यावं लागेल इतकं. आणि तिथंही वाडीच्या बायांच्या घागरी भरेपर्यंत आमच्या बायांनी कडेच्या दगडावर बसून राहायचं. झऱ्याला हात लावायचा नाही. आई दिवस उगवायच्या आत जायची आणि उन्हं डोक्यावर आली की यायची. कधी घागर भरलेली, कधी निम्मी. बसून राहण्याचं तिला जास्त लागायचं, चढाचं नाही. "चढ काय, पाय हायेत," म्हणायची. "पर तिथं बसल्यावर त्या बोलत्यात, हसत्यात, आन् आपण दगडासारखं."

म्हणून भाऊंनी मधल्या माळावर विहिरीचा नारळ फोडला तेव्हा आई बायकांच्या मागं उभी राहून एक एक शब्द ऐकत होती. भाऊ म्हणाले, "या विहिरीवर ना वाडी, ना वस्ती. एकच रहाट असेल, एकच दोर, आणि सगळ्या माउल्या एका रांगेत." कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या. घरी चुलीपुढं बसल्यावर आई मला म्हणाली, "एकच दोर म्हणला न्हवं का? तू बी ऐकलं न्हवं?" मी हो म्हणालो.

मुलांनी जोर लावून खणलं. मुरूम होता तोवर त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. दीड पुरुष खाली काळा खडक लागला, कुदळीच्या ठिणग्या उडायला लागल्या, आणि त्याच सुमाराला शिबिराची मुदतही संपली. निरोपसमारंभ झाला, मुली रडल्या. भाऊ एसटीत बसले आणि लोहाऱ्याकडं गेले, तिथं काहीतरी सुरू करायचं होतं.

आता पुढचं आमच्या डोंगराबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या हातचा नारळ, त्याचं ते काम. त्यानं पुढं हात लावल्याशिवाय दुसऱ्यानं त्यात पहार घालायची नाही. घातली तर पाणी पळतं म्हणत. घर बांधताना, बांध घालताना ही रीत कुणाला नडत नसे, कारण नारळ फोडणारा माणूस गावातच असायचा. भाऊ गावात नव्हते. वाडीनं निरोप धाडले, भाऊ "आलोच" म्हणून उलटा निरोप देत. लोहाऱ्याहून ते तुळजापूरकडं गेले, तिथून आणखी कुठं. आणि वाडीतली धडधाकट माणसं विहिरीच्या काठावर तंबाखू मळत बसू लागली. आण्णांनी एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "नारळ भाऊंचा हाय. आपुन कसा हात घालावा? अन् एवढा मोठा माणूस, राग यील त्यांला." तिकडे घळीतला झरा वाटीवरून चमच्यावर आला होता आणि आई बसलेली असायची.

शेवटी आण्णाच वस्तीच्या बैठकीत म्हणाले, "त्यांला नारळाची आडकाठी हाय. आपल्याला कशाची? दीक्षा घितली तवाच नारळ सोडला की आपुन." एवढंच. आमचे बाप-चुलते दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले, त्यांच्या हाताला खडक नवीन नव्हता. दिवसभर सरकारचे दगड फोडायचे आणि दिवस कलल्यावर विहिरीत उतरायचं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, मीही उतरलो. वाडीतली माणसं वरून बघत. कुणी उतरलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. पाणी पळालं तर ते वस्तीच्या माथ्यावर, लागलं तर सगळ्यांचं, असा तो हिशेब होता. दोन सुरुंग लावायला आण्णांनी कामावरचा एक ओळखीचा वडार आणला. दुसऱ्या सुरुंगानंतर खडकाच्या फटीतून पाणी वर आलं, गढूळ, गार. आण्णा त्यात गुडघे टेकून बसले आणि हसतच राहिले.

आणि मग भाऊ आले. इतके दिवस ज्यांना सवड नव्हती ते पाण्याची बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर. जलपूजन ठरलं. पण त्याआधी आबांनी त्यांना शाळेत बसवून घेतलं आणि वाडीचं म्हणणं सांगितलं. पाणी सगळ्यांनी घ्यावं, ना नाही, पण वस्तीचा रहाट पलीकडच्या कडेला वेगळा असावा. नाहीतर वाडी झऱ्यावरच जाईल. मी आणि आण्णा दारात उभे होतो. मला वाटलं, आता भाऊ उठतील. एवढी भाषणं केलेला माणूस, निदान आवाज तरी चढवील. भाऊंनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तत्त्व म्हणून मी एकाच रहाटाचा. पण एकदम नको. आधी सुरुवात तर होऊ द्या. बदल हळूहळू येतो."

आण्णा म्हणाले, "भाऊ, खणताना बाजू नव्हत्या."

"तुमच्या भावना मला समजतात," भाऊ म्हणाले आणि आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. आण्णांनी तो हात काढला नाही, स्वभावानं ते गरीब माणूस होते. मी काढला असता. आबांनी समाधानानं मान हलवली. दुपारपर्यंत दोन रहाट बसले. भाऊंनी नारळ फोडला आणि गावाच्या एकजुटीवर बोलले.

मग ते नेहमीप्रमाणे आमच्याकडे जेवायला आले. घोंगडीवर बसले, "वहिनी, भूक लागली बघा," म्हणाले. आईनं भाकरी वाढली, कालवण वाढलं. तांब्या हातात घेऊन ती उंबऱ्यात थांबली. तिचा आवाज मी त्याआधी कधी असा ऐकला नव्हता, अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

"भाऊ, पाणी कंच्या बाजूचं देऊ?"

आण्णांनी मान खाली घातली. मी भाऊंकडं बघत होतो, त्यांचा चेहरा पडेल, निदान कानाची पाळी लाल होईल म्हणून. भाऊ प्रसन्न हसले. "तुमच्याच बाजूचं द्या, वहिनी," म्हणाले. "मी भेद मानत नाही." आणि सबंध तांब्या रिकामा करून म्हणाले, "गोड आहे हो पाणी."

माझ्या मनातून भाऊ गेले ते त्या क्षणी. भित्रा माणूस मी समजू शकतो. आबांचासुद्धा मला कधी भाऊंइतका तिटकारा आला नाही, आबा जे होते ते उघड होते. पण ज्याला विचारलेला प्रश्न कळतच नाही, आणि न कळता जो गोड हसतो, त्याचं काय करायचं? ते एसटीला गेल्यावर आई भांडी घासताना म्हणाली, "माणूस वाईट न्हाय रं. पर त्याला कंदी तहान लागली न्हाय." आईचं मन मोठं. माझं नाही.

भाऊ पुढं मोठे झाले. सत्कार झाले, शाली मिळाल्या, डोंगरी विकासावर बोलायला मुंबईला बोलावणी आली. मी तामलवाडीला मास्तर झालो. ते वारले तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो. वाडीत शाळेपुढं शोकसभा झाली. आबांच्या मुलानं भाऊंनी डोंगरावर पाणी आणलं असं सांगितलं. ऐकणाऱ्यांत ज्यांनी ती विहीर खणली होती तेही बसले होते, आण्णाही. मग तो म्हणाला, भाऊ ज्या घरी जेवत त्या घरातल्या गुरुजींनी दोन शब्द बोलावेत.

मी उठलो. म्हणालो, "आधी एक रहाट काढा. मग बोलतो."

आबांचा मुलगा हातातला हार नीट करत राहिला. जरा वेळानं लोक चपला शोधू लागले आणि सभा तशीच मोडली. मी माळावर आलो. आई आमच्या कडेला पोहरा सोडत होती. पलीकडं आबांची सून पाणी ओढत होती. दोघी एकमेकींशी पावसाबद्दल काहीतरी बोलत होत्या, आणि दोघींच्या मधे पाणी होतं.