न कुजणारी फीत

तारीख एकतीस ऑक्टोबर. रक्कम तीनशे वीस युरो, म्हणजे माणशी एकशे साठ, आगाऊ आणि परत न मिळण्याच्या अटीवर. जागा मेनूथ गावाच्या पलीकडे, एका शेताच्या कडेचा दगडांनी बांधलेला झरा. हजर: वाट दाखवणारी बाई, तिच्यामागे आठ जण, मी आणि माझी बायको. नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई गाडीत बसून होत्या. त्यांचे पैसे भरले नव्हते.

हे सगळे लिहून ठेवायचे कारण, बाईच्या पत्रकात यातले काही नव्हते. पत्रकात इथल्या केल्टिक पूर्वजांची निसर्गवाट होती, ऋतूंचे चक्र होते, वर्षाचे आठ सण होते आणि मातीशी विसरलेली ओळख होती. सूपही होते. ते गार निघाले.

मी अशा वाटांवर जाणारा माणूस नाही. जवळच्या लिक्सलिप गावात चिपच्या कारखान्यात काम करतो, आणि एखादी गोष्ट मोजता येत नसेल तर तिच्याविषयी गप्प बसतो. बायको सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे. तीही अशातली नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरला तिचे वडील वारले. त्यांना जास्त झाल्याचा फोन आला तेव्हा ती रात्रपाळी संपवून घरी येत होती. मिळेल ते तिकीट काढून निघाली, ती वाटेत असतानाच ते गेले, आणि ती पोचेपर्यंत भावाने सगळे उरकले होते. दहाव्याला, तेराव्याला तिला एका बाजूला बसवले. पिंड भावाने दिला, पाणी भावाने सोडले. हिने फक्त पाने वाढली.

परत आल्यावर एका नर्सने तिला ते पत्रक दिले. मी म्हणालो, आपल्याकडे पूर्वजांचा तुटवडा आहे का, की इकडचे उसने आणायचे? ती चिडली नाही. म्हणाली, "तिथं मला कोणी बाजूला बसवणार नाही." मी दोघांचे पैसे भरले.

तर वाट दाखवणारी बाई. पूर्वी ती कंपन्यांमध्ये जाऊन कर्मचाऱ्यांना ताण कसा घालवावा हे शिकवत असे. हे तिनेच सांगितले, आणि ताण घालवायचा दरही तेव्हा जवळपास हाच असणार असे मला वाटून गेले. अंगावर शेवाळी रंगाची लोकरीची शाल, गळ्यात हाडाचा तुकडा. मागल्या जन्मांच्या आणि पिढ्यांच्या गोष्टी ती फार सहज सांगे. तिचे पूर्वज सगळे द्रष्टे, वैदू, नाही तर टोळीच्या राण्या. शेण काढणारा एकही नव्हता. बरोबरच्या आठ जणांचीही तीच तऱ्हा. एवढ्या राण्यांच्या राज्यात दूध कोण काढत होते, हे विचारायची मला फार इच्छा झाली, पण बायकोने माझ्याकडे पाहिले.

त्या दिवशी मेलेल्यांच्या आणि जित्यांच्या मधला पडदा पातळ होतो, असे इथले जुने लोक मानत. इथवर माझी तक्रार नाही. आपल्याकडेही वर्षातला एक पंधरवडा तसा आहेच. पुढे बाईने एका पाटीवर बाणांची आकृती काढून झऱ्याभोवती सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखे, तीनदा कसे फिरायचे ते समजावले. त्याला वीस मिनिटे लागली. तेवढ्यात सासूबाई गाडीत बसण्याला कंटाळून, पातळावर माझे जाकीट चढवून, चिखलातून आल्या आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"काय करून राहिले हे?" त्यांनी विचारले.

मी सांगितले.

"प्रदक्षिणाच तर होय. याचे पैसे कायले दिले जावाई?"

मी हसलो आणि सगळ्यांनी वळून पाहिले. सासूबाई मात्र पदर डोक्यावर घेऊन सरळ झऱ्याभोवती तीन फेऱ्या मारून आल्या. आकृती त्यांना लागली नाही. बाकीचे अजून सूर्य कुठे आहे ते शोधत होते, कारण आभाळ गच्च भरले होते.

मग झाड. झऱ्यावर वाकलेले हॉथॉर्नचे बुटके काटेरी झाड, आणि त्याला शेकडो चिंध्या, फिती, दोऱ्या. बाईने टोपलीतून प्रत्येकाला हिरवी-सोनेरी फीत दिली. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बांधा, म्हणाली. जशी फीत झिजेल, तसे तुमचे दुःख झिजेल. मी सवयीने फीत उलटून पाहिली. टोकाला चिठ्ठी होती: शंभर टक्के पॉलिएस्टर. मी विचारले, ही किती वर्षांत कुजते? बाई म्हणाली, हे प्रतीक आहे. मी म्हणालो, प्रतीक असेल, पण झिजणार कधी? तिने डोळे मिटून घेतले. बायकोने फीत बांधली, दोन गाठी मारून. तिने ते मनापासून केले हे मला दिसत होते, आणि म्हणूनच मला त्या टोपलीचा संताप आला.

दिवाळीच्या जेवणात आमच्या मराठी मंडळींना हे कळले आणि त्यांना आठवडाभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. झाडाला चिंध्या बांधता म्हणे, तेही गोऱ्यांच्या? हसणाऱ्यांमध्ये पुढे होता तो गृहस्थ कार्ड घासून भारतातल्या देवळात अभिषेक करवतो आणि त्याचा प्रसाद कुरियरने मागवतो. मी त्याला विचारले की अभिषेकाच्या वेळी तू कुठे असतोस? मीटिंगमध्ये, म्हणाला. निदान माझी बायको चिखलात उभी होती.

वर्षश्राद्ध तिथीने आले तेव्हा नागपूरला मेव्हण्याने केले. सासूबाईंच्या व्हिसाच्या तारखा अशा पडल्या की त्या आमच्याकडेच अडकल्या. त्यांनी ते फोनवर पाहिले, भटजीच्या पाठीसकट. तारखेने दिवस उगवला तो नंतर. बायकोने सुट्टी घेतली होती. म्हणाली, झाडाशी जाऊन येऊ. या वेळी बाई नाही, पैसे नाहीत, आम्ही तिघेच.

फीत होती तशी होती. अडीच महिन्यांचा पाऊस, दोन वादळे, आणि तिचा सोनेरी काठ दुकानातल्यासारखा चमकत होता. मला यात नवल नव्हते. पण बायको तिच्याकडे पाहत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "काहीच झिजलं नाही," ती म्हणाली. रोग्यांना रोज तपासणी अहवाल समजावून सांगणारी डॉक्टर ती, पण तिने त्या पॉलिएस्टरचा अहवाल स्वतःला लावून घेतला होता.

झाडाखाली एक म्हातारा खताच्या रिकाम्या पोत्यात फिती कापून टाकत होता. शेत त्याचे. हातात छाटणीची जुनी कात्री. त्याने आम्हाला एक फांदी दाखवली. तीन वर्षांपूर्वीच्या फितीने तिला गळफास बसला होता आणि पुढचे सगळे वाळले होते. आजारी माणसाच्या अंगावरचे कापड बांधायचे असते, तो म्हणाला, लोकरीचे नाही तर सुती, सैल गाठीने; ते कुजून पडले की काम झाले. त्याची आई तसेच करी. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितले. "ही बया वर्षातून आठ वेळा येते," तो म्हणाला, "आणि माझं झाड मारते."

आमची फीत कुठली ते त्याने विचारले आणि कात्री बायकोच्या हातात दिली. तिला ते जमेना. तिला वाटत होते, तोडली तर वडिलांशी बांधलेले तेवढे एक तुटेल.

सासूबाईंनी पिशवीत हात घातला आणि डब्याभोवती गुंडाळलेला धोतराचा तुकडा काढला. तो मी रोज पाहत होतो. सासऱ्यांचे जुने धोतर फाडून त्यांनी चक्का बांधायला नागपूरहून आणले होते, आणि गेले अडीच महिने ते आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलेले असे. आम्ही तीनशे वीस युरो मोजून वडिलांच्या नावाने पॉलिएस्टर बांधून आलो, आणि वडिलांचे धोतर घरी दही गाळत होते. हे आमच्यासारख्या हुशार माणसांनाच जमते.

सासूबाईंनी दातांनी टोक धरून पट्टी फाडली आणि लेकीकडे न पाहता म्हणाल्या, "तुले मी रात्रीच फोन केला नाही. ते म्हणे, पोरीची नाइट आहे, तिले कामात नको सांगू. मी तुही नाइट सुटल्यावर केला. उशीर माझा होय."

वर्षभरात हे त्या पहिल्यांदा बोलल्या. बायकोने कात्री फितीवर इतक्या जोराने दाबली की फीत तुटली आणि कात्रीची स्प्रिंगही उडाली. मग तिने पट्टी बांधली, सैल, एका गाठीने. वडिलांना काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. घरी चहा झाल्यावर तिने आईला विचारले, "त्या रात्री बाबा आणखी काय म्हणत होते?" आणि दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मी दार ओढून घेतले.

फेब्रुवारीच्या सणाचे पैसे भरा म्हणून बाईचे पत्र आले. मी फितीच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि पैसे भरले नाहीत. तिने मला जड ऊर्जेचा माणूस म्हटले. म्हाताऱ्याने झाडासाठी पैसे घ्यायला नकार दिला, पण मोडलेल्या कात्रीचे मात्र नाकारले नाही. शेवटी दिले ते एवढेच: नव्या छाटणीच्या कात्रीचे चोवीस युरो, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला.