सुनेच्या जोडीनं पाणी

गिरजाबाईंची माया म्हणजे एक संकटच होतं. दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर ओढून घेतल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. तुमसरजवळच्या तळ्याकाठी धान रोवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि चंद्रकांता सून होऊन आल्यापासून ही सगळी माया तिच्याच वाट्याला आली. तिचं पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालं, तेव्हा टाके वाळून गेले तरी बाईंनी तिला घागरीला हात लावू दिला नव्हता.

सत्त्याऐंशी साली चंद्रकांताला पुन्हा दिवस गेले, आणि थोड्याच दिवसांत अंगावरून लाल जायला लागलं. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र नवंच आलं होतं. नर्सनं बजावलं, "भरपूर पाणी प्या. लघवीला जायचं नाही." नंबर काही येईना. सून ओठ चावत बसलेली पाहून गिरजाबाईंचा जीव कासावीस झाला.

"काहून जीव मारून रायली, पोरी? जाऊन ये. मी पाहून घेतो."

सून जाऊन आली. डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, पण खालचं काही धड दिसेना. "गर्भ खाली सरकलेला वाटतो. पडत असेल तर पिशवी साफ करावी लागेल," त्या म्हणाल्या आणि थबकल्या. "पाणी प्यायला होतात ना?"

गिरजाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मिनंच तिले धाडलं, बाई. तिचं काही चुकलं नाही."

"मग पुन्हा पिऊन या. लघवीची पिशवी भरलेली असली तरच खालचं दिसतं. नीट दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही."

चंद्रकांताला आता पाणी गिळवेना. गिरजाबाईंनी दुसरा पेला मागवला. "तू एक पे, मी एक पेतो. तू जाशीन तवाच मी जाईन." लुगडं सावरून त्या सुनेला खेटून बसल्या. कळ आली की दोघी एकमेकींचा हात आवळत. नर्स म्हणाली, तुम्ही तरी जाऊन या. ऐकतील तर त्या गिरजाबाई कसल्या!

या वेळी पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं. गर्भाशय आतून रिकामं होतं. लघवीच्या पिशवीला लागून, जुन्या सिझेरियनच्या टाक्यात, गर्भ रुतून बसला होता.

"साफ करायला गेले असते, तर रक्त आवरलं नसतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोट उघडूनच काढावा लागेल. हे मूल वाचायचं नाही."

दुसऱ्या नातवंडासाठी गोधडी शिवायला घेतलेल्या गिरजाबाईंनी एवढंच विचारलं, "मायी पोरगी राहील ना?"

पोरगी राहिली. शुद्धीवर आल्यापासून ती पाणी मागत होती, आणि ते तर सकाळपर्यंत बंद. मुलगा सेवकराम आईसाठी चहा घेऊन आला, तर आईनं तोंड फिरवलं. पाण्यालाही शिवल्या नाहीत. तो चिडला, विनवून थकला, शेवटी चहा स्वतःच पिऊन टाकला.

सकाळी नर्सनं चंद्रकांताच्या ओठांत चमचाभर पाणी सोडलं. तिनं ते गिळलं आणि सासूकडे मान वळवली.

"मामीजी, आता तुमी बी प्या."

गिरजाबाईंनी पेला तोंडाला लावला, आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं.