वादी हजर

लॉची प्रवेश परीक्षा दिली, निकालाला अजून बराच अवकाश होता, तेव्हा मी उन्हाळ्यापुरतं काम शोधायला बाहेर पडले. कोर्ट आतून बघितल्याशिवाय आयुष्याची तीन वर्षं त्याला द्यायची नाहीत, असा माझा बाणा होता. वकिलांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. एक म्हणाले, ॲडमिशन झाल्यावर या. दुसऱ्यांनी टायपिंग येतं का विचारलं. मराठी-इंग्रजी दोन्ही येतं म्हटल्यावर म्हणाले, मग बँकेची परीक्षा का देत नाही? तिसऱ्यांनी माझ्या बायोडाटावर चहाचा कप ठेवला. चिकलठाण्याहून रोज शहरात येऊन चपला झिजवल्या, तेव्हा कुठे दिवाणी दावे चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी ठेवून घेतलं. तेही त्यांचा कारकून मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता म्हणून.

काम एकच, पुकारा ऐकायचा. कोर्टाच्या दारात उभा राहून शिपाई पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो. साहेबांची प्रकरणं एकाच वेळी तीन-तीन कोर्टांत असायची, म्हणून मी व्हरांड्यात थांबायचं. आपल्या माणसाचं नाव आलं की ‘हजर’ म्हणायचं, आत जायचं, साहेब येताहेत म्हणून सांगायचं. कुणीच ओ दिली नाही तर दावा खारीज होऊ शकतो.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आमचे लोक मूळचे मेंढ्यांमागे फिरणारे. भर दुपारी रानात कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, असं आईनं लहानपणापासून बजावलेलं. माणूस असेल तर पुन्हा मारेल, दुसरं काही असेल तर एकदाच मारतं. मी आपली सवयीनं गप्प. तिसऱ्या हाकेला कशीबशी बोलले. शिपाईचाचा माझ्याकडे बघून म्हणाले, “बेटा, पहिल्या हाकेलाच बोलत जा. मेरे गले पे तो रहम कर.”

साहेबांच्या पक्षकारांत पिशोरकडचे एक म्हातारे बाबा होते. मेंढ्यांच्या वाड्याची जागा पुतण्यानं दाबली म्हणून त्यांनी दावा लावलेला, तोही माझ्या जन्माच्या आधी. एप्रिलच्या उन्हातसुद्धा खांद्यावर घोंगडी. बाकाच्या टोकाला बसायचे आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, “माझं नाव घेतलं व्हय?” मला त्याचा वैताग यायचा आणि त्यांचा लळाही लागला होता. मागे दोनदा एसटीला उशीर होऊन ते पोचायच्या आत पुकारा होऊन गेला होता. जज्जसाहेबांनी ‘शेवटची संधी’ असं लिहून ठेवलं होतं. वकीलसाहेबांनी मला स्पष्ट सांगितलं, काहीही होऊ दे, त्यांचं नाव वाया जाता कामा नये.

कोर्टाला सुट्ट्या लागण्याआधीची ती शेवटची तारीख. साडेअकराच्या सुमारास बाबांचं नाव आलं आणि पहिल्या हाकेलाच मी ‘हजर’ म्हटलं. मागं वळून बाकाकडे बघितलं नाही. बाबा तिथं नसतील अशी भीती वाटली म्हणून बघितलं नाही, हे आज कबूल करते. आत जज्जसाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. कामाचा ढीग होता, सुट्टीनंतरची तारीख पडली. बाहेर आले तर बाक रिकामं. पाणी प्यायला गेले असतील, असं मी स्वतःला समजावलं.

मे महिना घरात काढला. औरंगपुऱ्यातून जुनी पुस्तकं आणली होती. करार कायद्याच्या पुस्तकात आधीच्या मालकानं चाळिसाव्या पानापर्यंत रेघा मारल्या होत्या, पुढं त्याचा धीर सुटलेला दिसत होता. मी कूलरपुढं बसून वाचायची आणि मन त्या व्हरांड्यात जायचं. सुरुवातीला आठवायचं तेव्हा बाक रिकामं असायचं. मग एक दिवस टोकाला बाबा बसलेले दिसले. नंतर ते मधल्या खांबापाशी उभे होते. महिना संपता संपता ते अगदी माझ्या पाठीशी असायचे, घोंगडीच्या लोकरीचा वास यावा इतके जवळ. मी सायन्सची पदवीधर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण एका दुपारी स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली आणि मी ‘हजर’ म्हणाले. आई पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, “मी कुठं हाक मारली?”

जूनमध्ये कोर्ट उघडलं. बाबांच्या तारखेला बाकापाशी एक पन्नाशीची बाई उभी होती, त्यांची लेक. हातात मृत्यूचा दाखला. बाबा गेले ते सुट्टीआधीच्या त्या तारखेलाच, सकाळी आठ वाजता, इथंच शहरात, सरकारी दवाखान्यात. साहेबांनी रोजनाम्याची नक्कल काढली. कोर्टात रोज काय झालं ते त्यात लिहितात. त्या दिवसापुढं लिहिलं होतं, ‘वादी हजर’. साहेबांनी ते तिच्यासमोरच मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “चुकून लिहिलं गेलं, असा अर्ज देऊ. तू तोंड बंद ठेव. अजून कॉलेजात पाऊल टाकलं नाहीस, आत्ताच नाव खराब करून घेऊ नकोस.” आणि ते दुसऱ्या कोर्टात गेले.

ती माझ्याजवळ आली.

“आला होता म्हणजे,” ती म्हणाली. “दवाखान्यात सारखा म्हणायचा, मला कोर्टात न्या, माझं नाव घेतील. मी म्हणलं, बरं वाटलं की जाऊ. तू बघितलंस ना त्याला, पोरी? लई दमल्यावाणी दिसत होता का?”

सांगायला माझ्याकडे सगळं होतं. घोंगडी, खांब, लोकरीचा वास. शपथेवर सांगितलं असतं आणि मला स्वतःलाही ते खोटं वाटलं नसतं. त्याचीच मला भीती वाटली.

“मावशी, मी नाही बघितलं त्यांना,” मी म्हणाले. “न बघताच ओ दिली. दावा जाईल म्हणून.”

तिनं मला चार शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

“मला वाटलं, एकदा तरी वेळेवर पोचला,” ती म्हणाली.

एवढ्यात चाचा दारात आले आणि त्यांनी नाव पुकारलं. बाबांचंच, कारण कागदावर अजून तेच होते. चाचांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं नाही. दुसरी हाक झाली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि आम्ही दोघी बाकाच्या टोकाकडे बघत राहिलो. तिसऱ्या हाकेलाही तिकडून काही आलं नाही.

मग तिनं माझं मनगट सोडलं आणि पदर डोक्यावरून घेतला.

“नाय आला,” ती चाचांना म्हणाली आणि बापाच्या जागी आत गेली.