एका नावाचे दोघे

दुबईतल्या करामा वस्तीच्या आणि आसपासच्या तमाम वाचक बंधू-भगिनींना कळवण्यात येते की, खालील मजकुरातील इसमाचे नाव कोणत्याही परिस्थितीत जाहीर केले जाणार नाही. चहा पाजला तरी नाही. बिर्याणी पुढ्यात ठेवली तर लेखक ती खाईल, पण नाव सांगणार नाही. यात लेखकाचा काही नखरा नाही. त्या माणसाचं सगळं दुखणंच त्याच्या नावात होतं, आणि त्याच्या गावी निवडणुका अजून होतात.

दुबईत आमच्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. केरळचा माणूस. मल्याळीत मोठ्या भावाला चेट्टन म्हणतात, म्हणून सगळं ऑफिस त्याला चेट्टन म्हणायचं आणि हाक मारताना चेट्टा. त्याच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. त्याला तेच हवं असायचं. चुकून कुणी खऱ्या नावानं हाक मारली, की तो आधी दाराकडे बघायचा, मग हातातली वस्तू खाली ठेवायचा आणि हलक्या आवाजात विचारायचा, "कौन सा वाला?"

आता, त्या नावाचा माणूस सगळ्या ऑफिसात तो एकटाच होता.

एकदा नव्या रिसेप्शनिस्टनं स्पीकरवर त्याचं नाव आडनावासकट पुकारलं. चेट्टन गायब. शेवटी इक्बालभाईंना तो फिल्टरच्या खोक्यांमागे मांडी घालून बसलेला सापडला. इक्बालभाई आमच्या गाड्या सांभाळायचे. माणूस रत्नागिरीकडचा आणि जीभ तिखट. ते मला म्हणाले, "लेलेसाहेब, हा नक्की कुणाचा तरी खून करून आलाय. पण खून करणाऱ्याला इतकी भीती वाटत नाही हो."

मला मात्र असल्या माणसांचं भारी आकर्षण. मी त्याच्यावर पाळत ठेवली. तुम्हीही ठेवली असती. तर पाळतीत असं निष्पन्न झालं की, हा माणूस शक्यतो उभा राहत नाही. झेरॉक्सच्या रांगेतही स्टूल घेऊन बसतो. ऑफिसच्या ग्रुप फोटोत सगळे उभे, हा पुढे खाली बसलेला. मी विचारलं तर म्हणाला, "खड़ा नहीं होता मैं, सार. एक बार हुआ था."

दुसरं असं की, टक्कल आणि चष्म्याच्या जोडीला त्याला छान जाड मिशी होती, ती अधूनमधून नाहीशी व्हायची. आणि मिशी गेली की पाठोपाठ तो रुवैसच्या साइटवर जायला तयार व्हायचा. रुवैस म्हणजे अबू धाबीच्या पार पश्चिमेला, तेलाच्या कारखान्यांचं गाव. तिथं नाव लागलं की आमच्याकडे लोकांच्या पाठी धरायच्या, सासऱ्यांना ॲटॅक यायचे. हा हात वर करून जायचा. कंपनीच्या वार्षिक जेवणात मी त्याच्या कर्तव्यनिष्ठेवर भाषणसुद्धा ठोकलं. टाळ्या पडल्या. चेट्टन बसल्या जागी खाली बघत होता.

भाषण फुकट गेलं हे मला कळलं ते ती दोन माणसं आली तेव्हा.

त्याच्या राज्यात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती. दोघांचेही पांढरे शर्ट, झकास अत्तर, हातात केळ्याच्या वेफर्सचं मोठं पाकीट. त्यांनी रिसेप्शनला चेट्टनचं खरं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट. इक्बालभाई शेजारीच होते, त्यांनी क्षणात ठोकून दिलं, "वो तो रुवैस गया."

त्यातला एकजण हसला. वेफर्सचं पाकीट काउंटरवर ठेवलं, हातानं नीट सरळ केलं. "कोई बात नहीं. बोलना, गाँव में सब याद करते हैं. घर भी जाकर आए हम. बेटी की शादी है ना?"

इतक्या गोड आवाजात धमकी मी पहिल्यांदाच ऐकली. मी आत गेलो. चेट्टन जुन्या कॉम्प्रेसरवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि स्टोअरमध्ये एसी तर आमचे सगळ्यात चांगले. त्यानं विचारलं, "कौन सा वाला आया था?"

"म्हणजे?"

"उठाने वाला, या मारने वाला?"

सांगितलेलं खोटं ठरू नये म्हणून इक्बालभाईंनी त्याच दुपारी त्याला गाडीत घातलं आणि खरंच रुवैसला नेलं. मी काही कारण नसताना बरोबर गेलो. इतकी वर्षं पाळत ठेवून ऐन वेळी घरी बसणाऱ्यातला मी नव्हे. दोन्ही बाजूंना वाळू, मागे कुणी गाडी येतेय का म्हणून चेट्टन सारखा वळून बघायचा, आणि मधल्या वेळात हिंदीत सांगायचा. मी मराठीत सांगतो.

गावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मतदारसंघात एका पक्षातर्फे उभे होते एक शाळामास्तर. भला माणूस, निवडून येणार हे नक्की. आणि मास्तरांचं नाव अन् चेट्टनचं नाव तंतोतंत एक. समोरच्या पक्षाचे लोक दुकानात आले. म्हणाले, तू फक्त सही कर. अपक्ष म्हणून. प्रचार नको, भाषण नको, दहा सूचक आम्ही आणतो. तुझं नाव यंत्रावर मास्तरांच्या खाली येईल, बस्स. तेव्हा यंत्रावर उमेदवारांचे फोटो नसत. मास्तरांची निशाणी गोल होती, याला मिळाला फुगा. तोही गोल.

"मग सही का केली रे बाबा?" इक्बालभाईंनी विचारलं.

चेट्टननं पुन्हा एकदा मागे वळून बघितलं. मग म्हणाला, "कोणी कधी विचारलं नव्हतं मला. दुकानात येऊन, खुर्चीवर बसून, हात जोडून. मला वाटलं, नाव छापून येईल. आईला दाखवीन."

नाव छापून आलं. म्हाताऱ्या माणसांनी, घाईतल्या माणसांनी, चष्मा विसरलेल्या माणसांनी मास्तर समजून फुग्याचं बटण दाबलं. मास्तर पडले, आणि जेवढ्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं याच्या फुग्यात होती. संध्याकाळी त्याच्या शटरला कुणी डांबर फासलं. आईशी रेशनच्या दुकानात कुणी बोलेना. मास्तरांच्या पोरांनी निरोप धाडला, निवडणुकीत गावात दिसलास तर पाय राहणार नाहीत. आणि समोरच्यांनी निरोप धाडला, पुढच्या वेळीही तूच. त्या दोन निरोपांच्या मधून हा माणूस दुबईला निसटला.

"पण आता तर फोटो असतो ना यंत्रावर?" मी म्हणालो. "आता नावाचा काय उपयोग?"

त्यानं खिशातून मोबाइल काढून मास्तरांचा ताजा प्रचारफोटो आमच्यापुढे धरला. तेच टक्कल. तोच चष्मा. तीच जाड मिशी. दोघे म्हातारे होत होत एकमेकांसारखे झाले होते.

इक्बालभाईंनी गाडी जरा हळू केली. "या अल्ला. म्हणून मिशी काढतोस होय."

मी हसलो. हसायला नको होतं, पण आलं. चेट्टनही जरासा हसला आणि मग जे बोलला त्यानंतर गाडीत कुणी हसलं नाही. "मारतील त्याची भीती आहेच, सार. उचलून नेतील त्याची त्याहून आहे. पण मास्तर समोर येतील आणि माझ्याकडे बघून हसतील, ते मला सहन होणार नाही. त्यांनी मला शिकवलंय. वर्गात हजेरी घेताना माझं नाव आलं की ते स्वतःच 'हजर' म्हणायचे. सगळा वर्ग हसायचा. मग मी म्हणायचो, हजर. रोज."

आता खरी अडचण ऐका. मुलीच्या लग्नाची तारीख आधी ठरली होती, निवडणूक नंतर जाहीर झाली. आणि लग्न बरोब्बर उमेदवारी अर्ज भरायच्या आठवड्यात आलं. पुढे ढकलावं तर पुढचे सगळे हॉल दोन्ही पक्षांनी सभांसाठी घेऊन ठेवलेले. त्यांच्या पद्धतीत बाप मुलीचा हात नवऱ्यामुलाच्या हातात देतो. मुलगी फोनवर म्हणाली होती, अच्छा, हात तुम्हीच द्यायचा. अच्छन म्हणजे वडील, आणि तो तिला म्हणायचा मोळे, म्हणजे पोरी. तर वडील तिला समजावत होते की निदान पत्रिकेवर माझं नाव घालू नका.

"अरे येड्या," इक्बालभाई म्हणाले, "ती लग्नपत्रिका आहे, मतपत्रिका नाही."

नाव घातलं गेलं. तिकीट काढलं गेलं. आम्ही दोघं त्याला विमानतळावर सोडायला गेलो. मिशी काढलेली, डोक्यावर टोपी, मुलीसाठी घेतलेली साडी छातीशी. आत गेला आणि आम्ही पार्किंगमधून गाडी काढतोय तोच टोपी हातात घेऊन परत आला. झालं होतं एवढंच. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघून त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि मागे त्याच्याच तालुक्यातला कुणी अनोळखी माणूस होता. तो गमतीनं मल्याळीत जे म्हणाला ते चेट्टननं आम्हाला हिंदीत सांगितलं, "अय्यो, चेट्टा, इस बार भी खड़े हो?"

"लेले सार," गाडीत बसत चेट्टन म्हणाला, "घर."

इक्बालभाईंनी रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. कोकणी, हिंदी आणि थोड्या अरबीसुद्धा. तो साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बायकोचा फोन आला. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, मग हात कोण देणार? हा म्हणाला, तुझा भाऊ देईल.

पुढचं थोडं मी आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट दुसरीकडे करायचा आहे. लग्न झालं त्याच आठवड्यात चेट्टन गावी गेला तो कायमचा. कुणी उचललं नाही, कुणी मारलं नाही. अर्ज भरायची मुदत टळली. स्टोअरमधला तो कॉम्प्रेसर अजून तसाच आहे, नवा स्टोअरकीपर त्यावर डबा ठेवतो. मास्तर निवडून आले की पडले, ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही नाव शोधून काढाल, आणि मी सुरुवातीलाच सांगितलंय.

तर लग्नाची सकाळ. करामातलं आमचं नेहमीचं कॅफेटेरिया, परोटे, सुलेमानी चहा. सुट्टीचा दिवस, त्यामुळे निम्मी टेबलं मल्याळी माणसांनी भरलेली. एरवी चेट्टन भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्या दिवशीही तसाच बसला. इक्बालभाईंनी मोबाइल टिश्यूच्या डब्याला टेकवून उभा केला. तिकडे त्याच्या मेहुण्यानं व्हिडिओ कॉल लावून आपला फोन हॉलमध्ये धरला होता. स्टेज, झेंडूच्या माळा, मधोमध मुलगी. तिची नजर सारखी दाराकडे. तिला खरं वाटलंच नव्हतं की बाप येणार नाही.

निवडणुकीच्या दिवसांत केरळातला उमेदवार एकही लग्न सोडत नाही. दारात गडबड झाली आणि पांढऱ्या मुंडूत, म्हणजे तिकडच्या लुंगीत, हात जोडत, मास्तर आत आले. चेट्टन हातातला ग्लास तसाच धरून मोबाइलवर वाकला. मी ग्लास काढून घेतला.

"मास्तर," तो पुटपुटला. "मेरे घर की शादी में."

मास्तर पहिल्या रांगेत बसले. माइकवर जो निवेदक होता तो भाड्यानं आणलेला, बाहेरगावचा. त्याला मास्तर माहीत नव्हते, चेट्टन तर नव्हताच. त्यानं सरळ हातातली लग्नपत्रिका वाचली. मुलीचे वडील, श्री अमुक अमुक, यांनी स्टेजवर यावे.

हॉलमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मेहुणा तर फोन धरून उभा, तो जागचा हललाच नाही. आणि पहिल्या रांगेतून मास्तर उठले.

स्वतःचं नाव ऐकून सवयीनं उठले, की बाप आला नाही हे कळून मुद्दाम उठले, की समोर कॅमेरे होते म्हणून उठले, यावर इक्बालभाई आणि मी अजून भांडतो. इक्बालभाई म्हणतात मतासाठी. मला वर्गातली ती हजेरी आठवते. पण ते उठले, आणि हसत हसत स्टेजच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. तेच टक्कल, तोच चष्मा, तीच मिशी. मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. आणि हात थोडासा पुढे केला.

चेट्टन उभा राहिला. खुर्ची मागे पडली. सगळं कॅफेटेरिया वळून बघायला लागलं, त्यात त्याच्या जिल्ह्याचे कितीजण होते देव जाणे. त्यानं एका हातानं मोबाइल उचलला, दुसरा हात स्वतःच्या छातीवर आपटला. मुलीशी बोलताना मल्याळी सोडून हिंदी का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं जो प्रश्न त्यानं हिंदीत विचारला, त्याचं उत्तरही हिंदीतच आलं असावं.

"वो वाला नहीं, मोळे," तो ओरडला. "ये वाला. ये वाला!"